करणाऱ्यानं चाखायचं नाय

१० मार्च

विशालने नवी वही आणून ऋतुजाच्या हातात दिली आणि म्हणाला, "आये सांगंल ते लिहून घे. कंपनीचा इतिहास पायजे त्यांना."

त्यांना म्हणजे पुण्याच्या एका कंपनीला. ती आमची सोड्याची कंपनी विकत घेऊ बघते आहे. बाटलीवर इतिहास छापला की सोडा महाग विकता येतो म्हणे. विशाल माझा धाकटा, रोह्याचा डेपो बघतो. ऋतुजा थोरल्याची मुलगी, पेणच्या कॉलेजात शेवटच्या वर्षाला आहे.

मला अक्षर येत नाही. अंगठा येतो, आणि कंपनी माझ्या नावावर असल्यामुळे सध्या त्या अंगठ्याला फार मान आहे. तर मी बोलते, ही लिहिते. मी 'नाय' म्हणते, ही 'नाही' लिहिते. शिकलेल्या माणसाला तेवढी हौस असतेच. इतिहास एका बैठकीत संपेल आणि वही कोरी राहील, म्हणून अधूनमधून रोजचंही सांगीन.

इतिहास असा. माझे यजमान काळुराम मिठागरावर मीठ ओढायचे. वडखळच्या नाक्यावर एक माणूस हाताने फिरवायचं सोड्याचं यंत्र विकून गावी चालला होता, ते यांनी घेतलं. गोटीच्या बाटल्या घेतल्या. साध्या सोड्यावर पोट भरेना, म्हणून जिरं भाजून, आमच्याच मिठागराचं मीठ घालून जिरा सोडा केला. त्याला नाव दिलं 'पुतळी'. माझं नाव. लेबलवर बाईचं तोंड आलं. मी म्हटलं, "ही कोण गो बया?" तर म्हणाले, "तूच. पावडर लावल्यावर."

तेव्हापासून वडखळपासून रोह्यापर्यंत माणसं टपरीवर येतात आणि म्हणतात, "एक थंड पुतळी दे." घरात मला कोणी थंड म्हटलेलं नाही.

१२ मार्च

आज आमची रीत सांगते.

जिऱ्याचा पाक बंद खोलीत होतो. आधी काळुराम करायचे, मग माझा थोरला प्रविण. ज्याने पाक केला त्याने तो चाखायचा नाही. देवाचा नैवेद्य रांधणारी बाई चाखते का? तसंच. काळुराम म्हणायचे, आपल्या हातचं आपल्याला गोडच लागतं. म्हणून सकाळी मालाची पहिली बाटली माझ्यापुढे यायची. मी प्यायची आणि "चालू करा" म्हटलं की मशीन चालू. "नाय" म्हटलं की सगळा पाक गटारात. एकदा लग्नाच्या ऑर्डरचा अख्खा पाक मी ओतायला लावला. काळुराम माझ्याशी बोलेनासे झाले. मला बरंच वाटलं, घर शांत झालं.

प्रविण माघात गेला. टेम्पो घेऊन रोह्याला गेला, डेपोत माल उतरवला, एका क्रेटवर बसला आणि विशालला म्हणाला, "पंखा लाव." पंखा लागला तेव्हा तो नव्हता. हे मी भेटायला येणाऱ्यांना इतक्या वेळा सांगितलंय की आता शेजारच्या घरातलं वाटतं.

आता पाक अनिता करते. प्रविणची बायको, हिची आई. तिला कोणी कर म्हटलं नाही. तेरावं झालं, तिने प्रविणची किल्ली कमरेला लावली आणि आत गेली. पाक कसा करायचा ते तिने नवऱ्याला बाहेरून बघून बघून घेतलं होतं. चाखलं कधी नाही. रीतच तशी.

१३ मार्च

ऋतुजाला म्हटलं, आजचं पान विशालला दाखवायचं नाही, आणि तुझ्या आईला तर मुळीच नाही. तिने विचारलं, का? म्हटलं, "मी कागदाला सांगतेय. तू कागद हायस. कागद विचारतो काय?"

मला चव लागत नाही.

प्रविणला आणला त्या दिवशी कोणीतरी मला चहा दिला. मला वाटलं साखर घालायला विसरले. मग जेवण तसंच. मग लोणचं तसंच. वासही नाही. डॉक्टरीण म्हणाली, वयाने होतं, धक्क्याने होतं, येईल किंवा नाही येणार. चांगलं आहे. असं औषध मलाही देता आलं असतं.

रोज सकाळी अनिता बाटली घेऊन समोर उभी राहते, मी पिते. तोंडात काहीतरी गार जातं. मी म्हणते, "चालू करा."

न म्हणून काय करू? माझी जीभ गेली हे कळलं तर विशाल म्हणेल, चाखायला कोणी नाही, करणारी नवखी, विकून टाकू. त्याचं चुकीचंही नाही. पण अनिताला त्या खोलीशिवाय आता काय आहे?

ऋतुजाला शपथ घातली. हमरापूरच्या कारखान्यात आमचा गणपती सांगून ठेवलाय, त्याची. ती म्हणाली, "आजी, त्याचे अजून डोळे पण रंगवले नाहीत." म्हटलं, मग तर बरंच. त्याने काही बघितलं नाही.

२१ मार्च

हमरापूरहून ऑर्डर आली. ऊन वाढलं की मूर्ती घासणाऱ्या बायका पुतळी मागतात, दरवर्षीच. टेम्पो गेला. दुपारी तिथे मूर्ती घासणाऱ्या प्रतिक्षाचा फोन आला. ऋतुजाने घेतला. "प्रतिक्षाकाकी म्हणते, माल दुसराच पाठवला का?" म्हटलं, सांग तिला, रंगाचे हात धुऊन पी.

अनिता ऐकत होती. संध्याकाळी भांडी पुसता पुसता म्हणाली, "आई, खरंच बरा होता ना?"

"व्हय गो. मी काय मेहेरबानी करतेय?"

ती हसली. माघानंतर पहिल्यांदा हसली असावी, मी नीट लक्ष ठेवलेलं नाही. ऋतुजा जेवली नाही. परीक्षा जवळ आली असेल.

३ एप्रिल

रोह्याहून क्रेट परत आले. रिकाम्या बाटल्या परत येणं हा आमचा धंदाच, पण हे भरलेले. विशाल स्वतः टेम्पोबरोबर आला. अंगणात क्रेट लावून घेतले आणि म्हणाला, "वहिनी, गिऱ्हाईक घेत नाय. फिका लागतो म्हणतात. काय काय घालता आत?"

अनिता म्हणाली, "तुमचे दादा घालायचे तेच."

"मग दादासारखा का लागत नाय?"

"तुम्ही चाखलात?"

"मी चाखून काय व्हनार? आयेनं चाखला ना." आणि तो माझ्याकडे वळला. "आये, तू सांग. दादाचाच हाय का हा?"

सगळे माझ्याकडे बघत होते. ऋतुजा अंगणातले क्रेट उचलायला लागली, कोणी सांगितलं नसताना.

मी म्हटलं, "माझ्या तोंडाला तोच लागतो."

हे खोटं नव्हतं. अनिताने पदर खोचला आणि विशालला म्हणाली, "ऐकलंत?" तिचा आवाज एवढा मोठा मी ऐकला नव्हता. आता ती दिराशी भांडू शकते. मला वाटलं, चला, एवढं तरी माझ्या हातून झालं.

४ एप्रिल

ऋतुजा म्हणाली, "आजी, उद्यापासून पहिली बाटली मी चाखू? तुझ्याबरोबर. नुसती."

म्हटलं, "कागदानं चाखायचं नसतं. भिजतो."

ती वही मिटून निघाली होती. हाक मारून परत बसवली, हे लिहायला.

१७ एप्रिल

इतिहास राहिलाच. विशाल विचारत होता किती झाला.

गोटी गेली आणि टोपणाची बाटली आली. काळुरामांनी कर्ज न काढता मशीन घेतलं म्हणून पेणमध्ये त्यांचा सत्कार झाला, नारळ मिळाला. मग मोठ्या कंपन्यांचे रंगीत सोडे आले, टपऱ्यांवर त्यांचे फ्रीज आले आणि त्या फ्रीजमध्ये आमची बाटली ठेवायला मनाई झाली. टपरीवाले पुतळीला बर्फाच्या पाटीत ठेवायचे, फडक्याखाली. मागणाऱ्याला हळूच काढून द्यायचे, दारू असावी तशी. काळुराम म्हणाले, आता काय खरं नाही. प्रविण तेव्हा नुकता कंपनीत बसायला लागला होता. तो म्हणाला, "बाबा, फडक्याखालचं लोक जास्त मागतात." आणि मागत राहिले. काळुराम गेले, मिठागराचा बांध फुटून तिथे पाणी भरलं ते भरलंच, मीठ बाजारातून यायला लागलं. तेव्हा पण मी पहिली बाटली पिऊन "नाय" म्हटलं होतं. मीठ बदललं होतं ना. प्रविणने पुन्हा पुन्हा करून माझ्यापुढे ठेवलं. मी "नाय, नाय" म्हणत राहिले आणि तो हसत आत जात राहिला. शेवटी जमलं. त्याने माझ्या पायाला हात लावला आणि म्हणाला, "तुझ्यापेक्षा फूड इन्स्पेक्टर बरा."

मी हे सांगताना ऋतुजाची पेन्सिल थांबली होती. मला म्हणाली, "तू माझ्या बाबांना नाही म्हणायचीस." म्हटलं, त्याला म्हणता यायचं.

२९ एप्रिल

अनिता पाकखोलीतून निघत नाही. जिरं भाजते, वास तिच्या साडीला असतो असं शेजारीण सांगते. मला साडी दिसते. रोज काहीतरी बदलते आणि बाटली घेऊन येते. "आई, कालच्यापेक्षा?" मी म्हणते, बरा. "परवाच्यापेक्षा?" मी म्हणते, तोही बरा. आज ती बाटली हातात धरून उभीच राहिली आणि म्हणाली, "एकदा तरी नाय म्हणा ना. त्यांना म्हणायचात."

मी म्हटलं, "त्याचा वाईट व्हायचा. तुझा चांगला होतो."

रोह्याहून आणखी क्रेट परत. हमरापूरने ऑर्डर थांबवली. लोकांच्या जिभा बिघडल्यात, दुसरं काय.

८ मे

पुण्याच्या कंपनीचा माणूस आला. शौनक नाव, दाढी छान कोरलेली. मला वाकून नमस्कार केला आणि लेबलकडे बघून म्हणाला, "आजी, तुम्ही अजून तशाच दिसता." म्हटलं, "व्हय, ती बाई मी न्हवंच."

त्याचं म्हणणं असं. त्यांच्या प्रयोगशाळेत त्यांनी पुतळी तयार केली आहे. ती चवीला बरोबर असेल तर त्यांना आमची जागा नको, मशीन नको, पाक करणारी नको. नाव आणि लेबल द्यायचं, माल त्यांच्याकडे होईल. बरोबर नसेल तर कंपनी इथेच चालू ठेवतील आणि अनिताच्या हाताखाली त्यांची माणसं शिकतील. किंवा आम्ही काहीच द्यायचं नाही.

"कसं ठरवायचं?" विशाल म्हणाला.

"आजी ठरवतील," तो म्हणाला. "सगळे म्हणतात, पुतळी बरोबर आहे की नाही ते फक्त यांना कळतं."

अनिता म्हणाली, "चालंल." विशाल म्हणाला, "चालंल." पहिल्यांदाच दोघांचं एकमत झालं. मीही म्हटलं चालेल. जेवायला कोणी विचारलं तरी मी हल्ली चालेल म्हणते.

११ मे

अंगणात मांडवाखाली टेबल. तीन ग्लास. शौनकने मला सांगितलं, एकात त्यांचं, एकात अनिताचं, आणि एकात जुनं, ताडून बघायला. कुठल्यात काय ते तो आणि विशाल दोघांनाच माहीत. जुनं कुठून आणलं ते मी विचारलं नाही. अनिता पाकखोलीच्या दारात उभी होती, किल्ली मुठीत धरून. ऋतुजा माझ्या खुर्चीमागे.

पहिला ग्लास प्यायले. गार. दुसरा प्यायले. गार. तिसरा, गार. ग्लासात उरवायचं नाही ही सवय आहे, म्हणून तिन्ही पूर्ण प्यायले. पोट फुगलं.

"काय, आजी?"

मी म्हटलं, "सगळे सारखेच हायत."

शौनकचा चेहरा खुलला. "म्हणजे आमचं जुळलं," तो म्हणाला आणि बॅगेतून कागद काढायला वाकला. अनिता नुसती किल्लीकडे बघत राहिली.

विशाल पांढरा पडला होता. म्हणाला, "आये, नीट सांग. मधला कसा लागला?"

"सांगितलं ना. सारखेच."

"मधला दादाचा व्हता," विशाल म्हणाला. "त्या दिवशी त्यानं उतरवलेल्या मालातली एक बाटली मी ठेवली व्हती. डेपोच्या कपाटात. तेवढीच व्हती." आणि टेबलाखालची बाटली काढून वर ठेवली.

मी ग्लासाकडे बघितलं. रिकामा होता. माझ्या मुलाच्या हातचं शेवटचं माझ्या घशाखाली गेलं होतं आणि मला ते नळाच्या पाण्यासारखं लागलं होतं. मला वाटलं, आता काहीतरी होईल. काही झालं नाही. ढेकर आली.

मग मी सांगितलं. सगळ्यांसमोर सांगितलं, की प्रविण गेल्यापासून मला चव नाही, एकही बाटली मी चाखलेली नाही, नुसती प्यायले आहे. ऋतुजा माझ्या मागे रडायला लागली. शौनकने कागद परत बॅगेत ठेवले, शहाणा आहे.

अनिता जवळ आली. वाटलं बोलेल, ओरडेल. ती टेबलाच्या कडेला खाली बसली. "तुम्ही बरा म्हणत होता," ती म्हणाली, "म्हणून मी भावजींशी भांडत होते. रोह्याच्या लोकांना शिव्या देत होते. मला वाटत होतं, आईंना लागतो ना त्यांच्यासारखा, मग झालं."

मी टेबलावर बघितलं. प्रविणच्या बाटलीत थोडा सोडा उरला होता.

"अनिता," मी म्हटलं, "तो पी."

"करणाऱ्यानं चाखायचं नाय."

"हा तू केलेला नाय गो."

तिने बाटली दोन्ही हातांनी धरली. एक घोट घेतला आणि तोंडात ठेवून बसली, गिळेचना. एवढी वर्षं त्याच्याबरोबर राहून त्याच्या हातचं तिने आजच चाखलं. पाक केल्यावर तो तिलाही चाखू द्यायचा नाही, बायको म्हणजे अर्धी करणारीच असं म्हणायचा. गिळल्यावर म्हणाली, "जिरं काळं केलंय. जळायच्या बेताला आणलंय. मी भीत होते जळेल म्हणून."

मग बाटली विशालपुढे धरली. विशालने उरलेला घोट घेतला, टेबलापासून उठला आणि परत आलेल्या क्रेटांकडे जाऊन ते उगाच इकडच्या तिकडे लावत बसला. शौनकने घड्याळ बघितलं. विशाल तिकडूनच म्हणाला, "तुमचं जुळलं नाय, साहेब. गणपती झाल्यावर बघू."

१२ मे

काही नाही. अनिता माझ्याशी बोलली नाही. जेवण वाढलं. पूर्ण वाढलं.

२० मे

आठवडाभर मशीन बंद होतं. गावातली माणसं विचारायची, कंपनी गेली काय? विशाल रोज रोह्याहून यायचा आणि पाकखोलीच्या बाहेर बसायचा. आत जिरं भाजायचं. धूर दिसायचा.

आज सकाळी अनिताने बाटली आणली आणि माझ्यापुढे आणता आणता थांबली. कुठे ठेवायची तेच तिला कळेना. मला पण कळेना. पुतळी सुरू झाल्यापासून पहिली बाटली माझी.

मी म्हटलं, "कागदाकडे दे. बापाच्या हातचा पिऊनच वाढलाय तो."

ऋतुजा म्हणाली, "मला नाही जमणार, आजी."

"नाय म्हणता येतं का? तेवढंच जमायला लागतं."

तिने घोट घेतला. आईकडे बघितलं, काकाकडे बघितलं. अनिताच्या हाताला भाजल्याचे डाग होते, ते मलाही दिसत होते. मला वाटलं, गेली ही, आता ही पण "चालू करा" म्हणणार.

"नाही," ऋतुजा म्हणाली. "जवळ आलाय. पण नाही."

अनिता एवढी खूश झालेली मी पाहिली नाही. वळली आणि सगळा पाक गटारात ओतला, पदर खोचला, आत गेली. विशाल म्हणाला, "काळं कर, वहिनी, काळं." आतून म्हणाली, "मला माहीत हाय. तुम्ही भायेर बसा."

नापास झालेली बाटली टेबलावर तशीच होती. वाया कशाला घालवायची, म्हणून मी प्यायले. मला काय, सगळ्या सारख्याच. शेवटच्या घोटाला गॅस नाकात गेला आणि डोळ्यांतून पाणी आलं. पुसलं तरी येतच राहिलं, बराच वेळ.

ऋतुजा वही उघडून बसली होती. म्हणाली, "आजी, काय लिहू?"

म्हटलं, लिही, गॅस बरोबर आहे.